हाड मऊ असेल तर इम्प्लांट पक्कं बसतं का?

निशिगंध
नमस्कार मंडळी. आईची वरच्या जबड्यातली उजवीकडची पहिली दाढ काढून बराच काळ झाला. आता तिथे इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात, करायचं घाटतंय. तिचं वय ६७. ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) आहे, त्यासाठी आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी चालू आहे. मधुमेह नाही.

दोन डॉक्टरांना दाखवलं. पहिल्यांनी स्कॅन बघून सांगितलं, "इथलं हाड मऊ आहे, चौथ्या प्रकारचं. स्क्रू बसवू, पण कॅप (वरचा दात) लगेच नाही. पाच-सहा महिने थांबायचं." दुसरे म्हणाले, "आता तंत्र पुढे गेलंय, त्याच आठवड्यात दात देतो." आई अर्थातच दुसऱ्यांच्या बाजूने. माझं मन पहिल्यांच्या बोलण्यात अडकलंय.

हाडाच्या दर्जाने इम्प्लांटच्या घट्टपणात खरोखर किती फरक पडतो? मऊ हाड असेल तर इम्प्लांट करूच नये का? आणि थांबायचंच तर त्या महिन्यांत आत नक्की काय घडतं? माहिती आणि अनुभव, दोन्ही सांगा.

चाफेकळी
वाचते आहे. सासूबाईंचंही अगदी हेच चाललंय, फक्त खालची दाढ.

गोट्या_सोट्या
डॉक्टर दोन, मतं दोन. तिसऱ्यांकडे गेलात तर तिसरं मत मिळेल, ते टाळा. :)

रुजवात
मी इम्प्लांट बसवण्याचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आईंना न तपासता त्यांच्याबद्दल काही ठरवता येणार नाही, हे आधीच सांगते.

जबड्याचं हाड सगळीकडे सारखं नसतं. बाहेर टणक कवच असतं, आत जाळीदार हाड. लेकहोम आणि झार्ब या संशोधकांनी १९८५ मध्ये या दोन्हींच्या प्रमाणावरून चार प्रकार पाडले. पहिल्यात जवळजवळ सगळं टणक हाड. दुसऱ्यात जाड कवच आणि आत दाट जाळी. तिसऱ्यात कवच पातळ, पण जाळी दाट. चौथ्यात कवचही पातळ आणि जाळीही विरळ. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात पहिला-दुसरा प्रकार जास्त दिसतो, वरच्या दाढांच्या जागी तिसरा-चौथा. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत डॉक्टरांनी काही जगावेगळं सांगितलेलं नाही. त्या जागी असंच हाड सापडतं.

पुढे मिश या दंतवैद्यांनी ड्रिल करताना हाताला काय जाणवतं, त्यावरून वर्णन केलं. पहिला प्रकार ओक किंवा मेपलच्या लाकडासारखा, दुसरा पाइनसारखा, तिसरा बाल्सासारखा आणि चौथा थर्माकोलसारखा. ज्यांनी चौथ्या प्रकारात काम केलंय त्यांना हे तंतोतंत पटेल. ड्रिलला अडथळा असा जाणवतच नाही, कवच ओलांडलं की हात आपसूक आत जातो.

आता घट्टपणाबद्दल. तो दोन प्रकारचा. स्क्रू बसवला त्या क्षणी जो मिळतो तो निव्वळ यांत्रिक, आटे हाडात रुतल्यामुळे आलेला. त्याला प्राथमिक स्थिरता म्हणतात. नंतर टायटॅनियमच्या पृष्ठभागाला नवीन हाड चिकटून वाढतं, ती दुय्यम स्थिरता. गंमत अशी की पहिली हळूहळू कमी होते, कारण चेपलेलं हाड शरीर काढून टाकतं, आणि दुसरी हळूहळू वाढते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली बरीच ओसरलेली असते आणि दुसरी अजून पुरती आलेली नसते. तो काळ सगळ्यात नाजूक. टणक हाडात सुरुवातीची पुंजी मोठी असल्याने ही घट निभावून जाते. मऊ हाडात पुंजीच कमी, म्हणून तिथे घाई नडते.

त्या काळात इम्प्लांट किती हललं तर चालतं? साधारण ५० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यापलीकडे वारंवार हललं की हाडाऐवजी तंतूंचा पडदा तयार होतो. तो एकदा झाला की इम्प्लांट काढण्यावाचून इलाज नाही.

निशिगंध
रुजवातताई, खूप धन्यवाद! तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. म्हणजे बसवताना घट्ट वाटलं तरी नंतर सैल होऊ शकतं?

रुजवात
हो. आणि दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही नसतं. इम्प्लांटभोवती नैसर्गिक दातासारखा अस्थिबंध, म्हणजे दाताला हाडाशी जोडणारा तंतूंचा थर, नसतो, त्यामुळे जास्त भार पडतोय हे रुग्णाला नीट जाणवतच नाही.

यंत्रमानव
मी मेकॅनिकलवाला. "घट्ट आहे" हे ठरवतात कसं? हाताने हलवून?

रुजवात
हाताने हलतंय असं जाणवलं तर तेव्हा उशीर झालेला असतो. दोन मापं वापरतात. एक, स्क्रू बसवताना लागलेला टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, न्यूटन सेंटिमीटरमध्ये. लगेच दात द्यायचा असेल तर बहुतेक जण किमान ३५ च्या आसपास बघतात. दुसरं, अनुनाद वारंवारता. इम्प्लांटवर एक छोटी खुंटी बसवतात, उपकरण तिला चुंबकीय स्पंदन देतं आणि ती कोणत्या वारंवारतेला कंप पावते त्यावरून १ ते १०० मधला आकडा मिळतो, त्याला आयएसक्यू म्हणतात. ७० च्या वर असेल तर पक्कं, ६० च्या खाली असेल तर थांबा, असा ढोबळ हिशेब.

यंत्रमानव
वा. म्हणजे टॉर्क हा आट्यांच्या घर्षणाचा आणि हाड कापायला लागलेल्या बळाचा हिशेब, तर आयएसक्यू हा सांध्याच्या ताठपणाचा. या दोन वेगळ्या राशी आहेत. एक चांगला आला म्हणून दुसरा चांगला येईलच असं नाही.

रुजवात
अगदी बरोबर. शिवाय टॉर्क एकदाच मोजता येतो, बसवताना. आयएसक्यू नंतर पुन्हा मोजता येतो. मऊ हाडात तो सुरुवातीला कमी असतो आणि हाड धरत गेलं की चढतो. टणक हाडात आधीच वर असतो, मधे थोडा उतरतो किंवा तिथेच राहतो. म्हणून एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने चाललाय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बिनधास्त_बाबू
मला हे थांबायचं प्रकरण पटत नाही. माझ्या वडिलांच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवून दुसऱ्याच दिवशी पूर्ण दात दिले. आज काही वर्षं झाली, मस्त चावतात. दुसरे डॉक्टर बरोबर सांगताहेत. उगाच घाबरवू नका.

रुजवात
बाबू, वडिलांचं ऐकून आनंद झाला, आणि ती पद्धत मान्यताप्राप्तच आहे. पण फरक बघा. खालच्या जबड्याचा पुढचा भाग, म्हणजे सगळ्यात टणक हाड. चार इम्प्लांट एकमेकांना ताठ पट्टीने बांधलेले, म्हणजे कुणा एकावर भार येत नाही. निशिगंधच्या आईंचं इम्प्लांट एकटं, वरच्या दाढेच्या जागी, जिथे हाड सगळ्यात मऊ आणि चावण्याचा जोर सगळ्यात जास्त. या दोन जागांचा निकाल एकच लावता येत नाही.

बिनधास्त_बाबू
हं, जागेचा मुद्दा लक्षात नव्हता घेतला. तरी मऊ हाडात सगळंच फसतं असं चित्र उभं राहू नये, एवढंच माझं म्हणणं.

जुनी_वही
बाबूच्या मुद्द्याला जोडून थोडा इतिहास. मऊ हाडाची ही भीती आली कुठून? १९९१ मध्ये जॅफिन आणि बर्मन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन प्रकारांत अपयश सुमारे ३ टक्के, चौथ्या प्रकारात तब्बल ३५ टक्के. तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. पण तेव्हाचे इम्प्लांट गुळगुळीत होते, यंत्रावर कातलेले. आता पृष्ठभाग वाळूचा मारा आणि आम्ल वापरून खडबडीत करतात, त्यावर हाड लवकर आणि जास्त धरतं. तो ३५ चा आकडा आजच्या इम्प्लांटला जसाच्या तसा लावून कुणाला घाबरवणं बरोबर नाही.

मुळात टायटॅनियमला हाड चिकटतं हे कळलं तेच वेगळं काही शोधताना. स्वीडनमध्ये १९५२ मध्ये ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमच्या छोट्या डब्या बसवल्या होत्या. प्रयोग संपल्यावर त्या काढायला गेले तर निघेनात, हाडाने त्यांना पक्कं धरलं होतं. पहिला माणूस १९६५ मध्ये, यॉस्टा लार्सन. खालच्या जबड्यात बसवलेले ते इम्प्लांट त्याला २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत टिकले. त्या जुन्या पद्धतीत खाली तीन महिने आणि वर सहा महिने थांबत. म्हणजे वरचं हाड मऊ म्हणून जास्त थांबायचं, हे शहाणपण सुरुवातीपासूनचं आहे.

गोट्या_सोट्या
सशांचे केवढे उपकार आहेत आपल्यावर! पुढच्या वेळी दात कोरताना आठवण काढीन.

चाफेकळी
पण मग टणक हाड असेल तर निर्धास्त राहायचं ना? सासूबाईंना "हाड एकदम दगड आहे" असं सांगितलंय.

पानगळ
चाफेकळी, इथे मला बोलायलाच हवं. माझं खालचं पुढचं इम्प्लांट दोन महिन्यांतच गेलं, आणि हाड "दगड"च होतं. बसवताना सगळे खूश, घट्टपणा भरपूर. नंतर त्या जागी बोथट दुखणं राहिलं, एक्स-रेमध्ये इम्प्लांटभोवती काळी रेघ दिसली. दुसऱ्या डॉक्टरांनी ते काढलं. त्यांच्या मते ड्रिल करताना हाड तापलं असावं. नवीन इम्प्लांट बसवताना त्यांनी काय वेगळं केलं ते मी जागी असल्याने नीट पाहिलं: ड्रिल थोडं आत, लगेच बाहेर, पाण्याचा फवारा, टोकाला चिकटलेला हाडाचा भुगा पुसायचा, मग पुन्हा आत. प्रत्येक जाडीला नवीन धारदार ड्रिल. वेळ खूप लागला, पण ते इम्प्लांट आजही भक्कम आहे.

रुजवात
पानगळ, हे लिहिलंत ते फार बरं झालं. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी त्याला इजा होते. टणक हाडात घर्षण जास्त, उष्णता जास्त, आणि रक्तपुरवठा कमी असल्याने भरून येणंही सावकाश. वर आणखी प्रमाणाबाहेर जोर लावून स्क्रू पिळला तर कडेचं हाड चेंगरतं. म्हणून मला स्वतःला पहिल्या प्रकारापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात काम करायला जास्त आवडतं. पुरेशी पकड आणि पुरेसं रक्त, दोन्ही मिळतं.

राखाडी_छटा
मी स्कॅन वाचण्याचं काम करतो. या धाग्यात एक घोटाळा होऊ नये म्हणून लिहितोय.

निशिगंध, डॉक्टरांनी "स्कॅन बघून चौथा प्रकार" म्हटलं, ते सीबीसीटीवरून, म्हणजे दातांसाठीच्या त्रिमितीय स्कॅनवरून, असणार. हाडाच्या घनतेचे जे आकडे पुस्तकात असतात, म्हणजे पहिला प्रकार १२५० हाउन्सफील्डच्या (स्कॅनवरच्या घनतेचं एकक) वर, दुसरा ८५० ते १२५०, तिसरा ३५० ते ८५० आणि चौथा १५० ते ३५०, ते मोठ्या सीटी यंत्राचे. दातांच्या सीबीसीटीत मिळणारी राखाडी छटा म्हणजे हाउन्सफील्ड नव्हे. यंत्र बदललं, जवळ एखादी धातूची कॅप असली, रुग्ण जरा हलला, तरी आकडा बदलतो. सीबीसीटीवरून कवच किती जाड, जाळी दाट की विरळ, सायनसचा (वरच्या दाढांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीचा) तळ किती वर, हे उत्तम कळतं. घनतेचा आकडा मात्र अंदाज म्हणून घ्यावा. खरा दर्जा ड्रिल आत गेल्यावरच कळतो.

दुसरं, "हाड कमी" आणि "हाड मऊ" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. उंची-रुंदी भरपूर असूनही हाड मऊ असू शकतं आणि चिंचोळं हाड दगडासारखं असू शकतं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात तिथली रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांत होते. हा झाला प्रमाणाचा प्रश्न. तुमच्याकडे उंची किती सांगितली आहे?

निशिगंध
रिपोर्ट काढून बघितला. सायनसच्या खाली ९ मि.मी. आणि रुंदी ७ मि.मी. लिहिलंय.

राखाडी_छटा
मग प्रमाण वाईट नाही. तुमचा प्रश्न मुख्यतः दर्जाचा आहे.

चाफेकळी
मग मऊ हाडात पकड वाढवायला काहीच करता येत नाही का? नुसतं थांबायचं?

रुजवात
करता येतं, आणि तिथेच कारागिराचा हात दिसतो. सगळ्यात साधा उपाय म्हणजे भोक इम्प्लांटच्या मानाने जरा लहान ठेवायचं, शेवटचं ड्रिल वापरायचंच नाही. खाली निमुळतं होत जाणारं, खोल आट्यांचं इम्प्लांट निवडायचं. हाड कापून बाहेर काढण्याऐवजी ते बाजूला दाबत जायचं. त्यासाठी १९९४ मध्ये समर्स यांनी ऑस्टिओटोमची (हाड दाबत आत जाणाऱ्या दांड्यासारख्या हत्याराची) पद्धत मांडली, आणि आता उलट्या दिशेने फिरून भिंतीशी हाड दाबणारी ड्रिलही आहेत. सायनसच्या तळाशी जे पातळ टणक हाड असतं, त्यात टोक अडकवलं तर वर आणि खाली दोन्हीकडे पकड मिळते. ९ मि.मी. उंचीत हा विचार नक्की करता येईल.

मग दातही एकदम पूर्ण ताकदीचा न देता आधी अ‍ॅक्रिलिकचा तात्पुरता, जरा अरुंद. हाडावर बेताबेताने भार वाढला की ते त्या भाराप्रमाणे स्वतःला दाट करतं.

हिरवा_चाफा
एवढ्या उठाठेवीपेक्षा शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने मधला दात बसवायचा, म्हणजे ब्रिज, का नाही करत? हाडाचा प्रश्नच मिटला.

बिनधास्त_बाबू
धडधाकट दात घासायचे? मला नाही पटत. शेजारचे दात आधीच कॅपवाले असतील तर गोष्ट वेगळी.

निशिगंध
शेजारचे दोन्ही दात चांगले आहेत, म्हणूनच ब्रिज नको.

तुळस_मंजिरी
इतका वेळ सगळे जबड्याच्या हाडावर बोलताहेत, पण निशिगंधने पहिल्याच परिच्छेदात अ‍ॅलेंड्रोनेट लिहिलंय. त्याकडे कुणी वळलं कसं नाही? मी औषधशास्त्र शिकवते.

ऑस्टिओपोरोसिस आहे म्हणून इम्प्लांट करूच नये, असं नाही. कंबर-मणक्याच्या डेक्सा स्कॅनवरून (हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीवरून) जबड्याच्या त्या विशिष्ट जागेचं हाड कसं असेल हे सांगता येत नाही. मुद्दा औषधाचा आहे. आईंची गोळी ज्या गटातली आहे, ती बिसफॉस्फोनेट औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखतात. त्यामुळे हाडाची झीज थांबते, पण जुनं हाड काढून नवीन भरण्याचं रोजचं कामही मंदावतं. क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. २००३ पासून ही गुंतागुंत नोंदली जाऊ लागली. आठवड्याच्या गोळीवर हा धोका कमी असतो, शून्य नसतो. गोळी किती वर्षं चालू आहे यावर तो वाढतो. कर्करोगात शिरेतून मोठ्या मात्रेने याच गटातलं झोलेड्रोनिक आम्ल देतात, तिथे धोका कितीतरी जास्त आणि इम्प्लांट टाळतातच.

कळकळीने सांगते: गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एक तर ही औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात, चार दिवस बंद ठेवून फरक पडत नाही. आणि कुणाला डेनोसुमॅबचं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवरच्याच दुसऱ्या औषधाचं, इंजेक्शन चालू असेल तर ते परस्पर लांबवल्याने मणक्याची हाडं मोडल्याची उदाहरणं आहेत. दंतवैद्य आणि गोळी देणारे डॉक्टर, दोघांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा.

निशिगंध
मंजिरीताई, अंगावर काटा आला. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलंच नव्हतं, आणि आईनेही सांगितलं नाही, कारण "दातांचा आणि त्या गोळीचा काय संबंध" असं तिला वाटलं.

तुळस_मंजिरी
बहुतेकांना असंच वाटतं, म्हणून तर लिहिलं. गोळ्यांची चिठ्ठी घेऊनच दातांकडे जावं.

पानगळ
यादीत सिगारेट आणि ताब्यात नसलेली साखरही घाला. हाड कितीही उत्तम असलं तरी या दोन्हींमुळे ते भरून यायला अडथळा येतो. मला सिगारेट सोडल्याशिवाय दुसरं इम्प्लांट करणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोडली.

गोट्या_सोट्या
पानगळ, याबद्दल मनापासून टाळ्या!

मधलाबोट
थोडं अवांतर. माझ्या इम्प्लांटवरचा दात हलतोय. हा धागा वाचून झोप उडाली. हाड गेलं का?

रुजवात
घाबरू नका. बऱ्याचदा इम्प्लांट जागेवर पक्कं असतं, फक्त कॅपचा आतला स्क्रू सैल झालेला असतो. तो कसला की काम झालं. पण तसंच चावत राहिलात तर स्क्रू तुटेल, तेव्हा लवकर दाखवा. एक्स-रेमध्ये हाड आट्यांना भिडलेलं दिसलं तर काळजीचं कारण नाही. पहिल्या वर्षात कडेचं हाड साधारण दीड मि.मी.पर्यंत आणि पुढे दरवर्षी ०.२ मि.मी.पर्यंत उतरणं हे जुन्या निकषांत धरलेलंच आहे.

निशिगंध
मंडळी, पुढची बातमी. दोन्ही डॉक्टरांना गोळीबद्दल सांगितलं आणि टॉर्क, आयएसक्यू मोजणार का हेही विचारलं. पहिले म्हणाले, दोन्ही मोजू, आकडे फाइलमध्ये लिहून देऊ, आणि आईच्या हाडांच्या डॉक्टरांना स्वतः फोन करणार आहेत. दुसऱ्यांनी गोळीचं ऐकल्यावर आपणहून सांगितलं की मग घाई नको. "त्याच आठवड्यात दात" म्हणजे चावण्यात न येणारा, नुसता दिसण्यापुरता तात्पुरता दात, असं त्यांना म्हणायचं होतं.

रुजवात
छान झालं. समोरचा दात असता तर तसा तात्पुरता दात समजू शकते. वरच्या पहिल्या दाढेला, मऊ हाडात, निव्वळ दिसण्यासाठी ती जोखीम मी घेणार नाही. जीभ आणि घास त्याला लागतातच.

बिनधास्त_बाबू
मीही आता थांबण्याच्या बाजूने. औषधाची गोष्ट कळल्यावर तर नक्कीच.

निशिगंध
आम्हीही थांबायचं ठरवलंय, आईसुद्धा तयार झाली. एकच शंका राहिली. तिच्याकडे काढघाल करायची छोटी कवळी आहे, त्याच जागेची. ती त्या महिन्यांत वापरली तर चालेल का?

रुजवात
हे विचारलंत ते उत्तम. इम्प्लांट हिरडीखाली झाकलेलं असलं तरी वरून कवळी दाबत राहिली की भार थेट खाली पोहोचतो, आणि मऊ हाडात तेवढंही नको. टाके काढेपर्यंत कवळी घालूच नये. त्यानंतर डॉक्टरांकडून त्या जागी ती आतून खरवडून पोकळ करून घ्या, त्यात मऊ अस्तर भरून घ्या, आणि दर भेटीला हिरडीवर लाल डाग उठतोय का ते बघायला सांगा. रात्री काढून ठेवायची. आणि चावायला डावी बाजू.

निशिगंध
आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग कवळी घरी ठेवून कशाला, पहिल्याच भेटीला सोबत नेते.